दिवा कुणाच्या मागं?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात पहिल्या दिवशी दुपारी केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्यातला मोकळेपणा शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं 'प्रकाशयोजना' असा शब्द छापलाय. तो वाचून सकाळपासून तिघीचौघींनी विचारलं, तू कधीपासून वायरमन झालीस? झालेली नाही. समाजकार्याच्या एम.ए.ला आम्हांला व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन हे सगळं शिकवलं. बायकांच्या सभेत बल्ब कुठं टांगायचा ते मात्र दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही. ते मी चुका करत आणि प्रवासात बघत बघत शिकले. अजून पुरतं शिकलेय असंही नाही.

सुरुवात एका फजितीनं झाली. संस्थेत लागून मला जेमतेम सहा महिने झाले होते. एका वस्तीत रात्री पथनाट्य ठेवलं होतं. मांडववाल्यानं दोन मोठे हॅलोजन आणले आणि विचारलं, मॅडम, कुठं लावू? मी म्हटलं, लावा तुम्हांला बरं वाटेल तिथं. त्यानं ते आमच्या मागं, उंच बांबूवर बांधले, तोंड प्रेक्षकांकडं. बायका सतरंजीवर पुढं बसलेल्या, पुरुष मागं भिंतीला टेकून उभे. नाटक सुरू झालं आणि दहा मिनिटांत एकेक बाई पदर सावरत उठायला लागली. मला वाटलं, नाटक पडलं. परत येताना टेम्पोत आमच्यातल्या एक जुन्या ताई म्हणाल्या, "अगं, उजेड नाटकावर कुठं होता? बायकांवर होता. मागं अंधारात उभं राहून सगळी गल्ली त्यांना बघत होती." नाटकात दारूड्या नवऱ्याचा प्रवेश आला की कुठली बाई डोळे पुसते, कुठली मान खाली घालते, हे सगळं मागच्या पुरुषांना दिसत होतं. बाईनं उठून जावं नाही तर काय करावं?

त्या रात्रीपासून मला खोडच लागली. बैठकीला, प्रशिक्षणाला, मोर्चाला कुठंही गेले की आधी दिवा शोधायचा. तो कुठं आहे, कुणावर पडतोय, कुणाच्या हातात आहे. वहीत त्याची चित्रं काढायची. माझी चित्रं बघून हसू नका, बाण तेवढे बरोबर असतात. आज ती वहीच तुमच्यापुढं उघडणार आहे.

जेजुरीपासून सांगते, कारण ती तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. गडावर जाताना दीपमाळा लागतात. दगडी खांब आणि त्याला चहूबाजूंनी फुटलेले हात. एकेका हातावर एकेक पणती. म्हणजे एक मोठा दिवा करण्यापेक्षा पन्नास लहान दिवे उंच चढवायचे. याचा फायदा काय? कुणाच्या डोळ्यावर तिरीप येत नाही, आणि चार विझले तरी अंधार होत नाही. आम्ही पुढच्या ८ मार्चला हॅलोजन रद्द करून बांबूला टप्प्याटप्प्यानं लहान बल्ब बांधले. खर्च तेवढाच आला. बायका शेवटपर्यंत बसल्या. गोंधळ तर तुमच्या घरी झाला असेल. गोंधळ्याची दिवटी आठवा. ज्याला बोलायचं, त्याच्यापाशी दिवा. तो सरकला की दिवा सरकतो. माणूस आणि उजेड एकमेकांना सोडत नाहीत. पथनाट्याला ही युक्ती फार उपयोगी आहे. सूत्रधार मुलीच्या हातात कंदील द्या, लोकांची नजर तिच्या मागं आपोआप फिरते.

मग केरळ. एका प्रशिक्षणासाठी त्रिशूरला गेले होते, तिथं जवळच एका संध्याकाळी नंग्यारकूथू पाहायला मिळालं. कूडियाट्टम् या संस्कृत नाट्यपरंपरेतला हा बाईचा एकटीचा खेळ. मागं मोठमोठे मिळाव वाजतात आणि ती एकटी डोळ्यांनी अख्खी कथा सांगते. रंगमंचावर तिच्यापुढं पितळेची कमरेएवढी समई. वातींची मांडणी बघा: दोन वाती नटीकडं, एक प्रेक्षकांकडं. मी पुन्हा पुन्हा ते बघत बसले. आपल्याकडं उद्घाटनाला समई लावतात, पाहुण्यांचा फोटो झाला की ती कोपऱ्यात जाते. तिथं समई हेच प्रकाशयंत्र आहे. उजेड खालून आणि समोरून येतो, म्हणून गालाची, भुवईची हालचाल कळते. बाकीचं अंग अंधारात विरतं. आणि उजेड इतका थोडा, की माणसाला पुढं सरकून बसावंच लागतं. आमच्या गटाच्या बैठकांत बायका भिंतीकडेनं बसतात आणि मधे ट्यूबलाइटचा पांढरा फटक उजेड. कुणी बोलत नाही. एकदा वीज गेली आणि मेणबत्तीभोवती बसलो, तर सासूबद्दल कधी अवाक्षर न काढणारी एकजण तासभर बोलली. त्याचं कारण मला त्रिशूरला कळलं.

त्याच फेरीत पालक्काडकडं तोलपावकूथू पाहिलं, कातडी बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. भद्रकालीच्या देवळाबाहेर त्यासाठी वेगळं बांधलेलं कूत्तुमाडम् असतं. चाळीसेक फूट लांब पांढरा पडदा, त्यामागं ओळीनं २१ दिवे, नारळाच्या अर्ध्या कवट्यांत तेल घालून केलेले. रात्र रात्र रामायण चालतं. समोर प्रेक्षक बहुतेक नसतातच, कारण खेळ देवीसाठी आहे! पडद्यामागं जाऊ दिलं म्हणून मला त्यातलं गणित कळलं. बाहुली कापडाला चिकटवून धरली तर सावली रेघेसारखी स्वच्छ. बोटभर जरी मागं घेतली तरी एकवीस दिव्यांच्या एकवीस फिकट सावल्या एकमेकींवर पडतात आणि आकार विरघळतो. पुढं काय घडलं ते कळण्यासाठी हे लक्षात ठेवा. हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचा होता, अलीकडं तिथं बायकांचाही संच उभा राहिलाय, हेही सांगून ठेवते.

मी परत आले ती सावलीनं झपाटून. दोन महिन्यांनी आमची जनसुनावणी होती. नवऱ्याघरच्या छळाबद्दल पाच बायका बोलणार होत्या. चेहरा दाखवायला कुणीच तयार नव्हतं. मला वाटलं, मिळालं उत्तर. मंचावर पांढरा पडदा, मागं एक मोठा दिवा, पडदा आणि दिवा यांच्यामधे बाई. लोकांना फक्त सावली दिसेल. दिसायलाही किती सुंदर! ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला त्या आजही त्याचं कौतुक करतात. फोटोसुद्धा छान आले.

तिसरी बाई बोलत होती. तिनं मान वळवून पाणी प्यायलं. तेवढंच. सभेत तिच्या सासरच्या गावचा एकजण बसलेला होता. नाकाची ठेवण, अंबाड्याची जागा, डाव्या हातानं पदर खेचायची सवय, एवढ्यावरून त्यानं तिला ओळखलं. दुसऱ्या दिवशी दीर तिच्या कामाच्या जागेवर येऊन उभा राहिला. ती दीड महिना कामावर जाऊ शकली नाही. मी तिला भेटायला गेले. मला वाटलं होतं ती रागावेल, रडेल. तिनं चहा केला आणि म्हणाली, "ताई, पडदा तुम्ही लावला, पण दिवा माझ्याच मागं ठेवला."

केरळातल्या त्या म्हाताऱ्या कलाकारानं बाहुली पडद्याला चिकटवून दाखवली होती. मी बाईलाही तसंच, पडद्याला लागून बसवलं होतं, आणि मागं एकच प्रखर दिवा. म्हणजे ओळख लपवायची म्हणून ओळख पटवायची उत्तम सोय मी करून ठेवली. सुंदर दिसण्याच्या नादात मी हे विसरले. दुसऱ्या कुणावर ढकलावं असं यात काही नाही.

इथं कायद्याचं थोडं बोलते. ही बाई छळाबद्दल बोलत होती. ती बलात्काराबद्दल बोलत असती आणि त्या सावलीचा फोटो वर्तमानपत्रात आला असता, तर आपण गुन्ह्याच्या दारात उभ्या राहिलो असतो. भारतीय दंड संहितेत १९८३ साली कलम २२८-अ आलं, तेव्हापासून अशा बाईची ओळख छापणं, प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम ७२ आहे. २०१८ साली निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नुसतं नाव टाळून भागत नाही, जिच्यावरून ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट उघड करायची नाही. नाक आणि अंबाडा त्यात येतो की नाही, तुम्हीच सांगा. मात्र कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण विसरतो. बाईची स्वतःची लेखी संमती असेल तर तिची ओळख सांगता येते. म्हणजे झाकायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क तिच्याकडं ठेवलाय. आपण संघटनावाल्या कधीकधी तोही तिच्या हातातून काढून घेतो. पडदा आधीच बांधून ठेवतो आणि तिला म्हणतो, बस इथं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक बाईला सभागृहात नेतो. दिवे लावतो. आमच्यातली एकजण तिच्या जागी बसते आणि ती स्वतः प्रेक्षकांत, पार शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन बघते की काय दिसतं. मग ती सांगते. कुणाला पडदा हवा असतो. तेव्हा पडद्यापासून तिला लांब बसवतो आणि दोन्ही बाजूंना दूरदूर चारपाच मंद दिवे ठेवतो, म्हणजे सावली विरघळते, नुसती हालचाल उरते. कुणाला मंचच नको असतो. मग मंचावर रिकामी खुर्ची, खुर्चीवर उजेड, आणि तिचं निवेदन दुसरी कुणी वाचते. आवाजावरूनही माणूस ओळखतात, हे ध्यानात घ्या. आणि एकीनं सांगितलं, सगळे दिवे माझ्यावर टाका, लपायचं त्यानं, मी का? तिच्यावर टाकले. फोटोवाल्यांना आम्ही आता सांगून ठेवतो की मधल्या वेळात मंचाचे फोटो काढायचे नाहीत. ते कुरकुरतात.

आता जयपूर. लग्नसराईचे दिवस होते, रात्री बसस्टँडकडं जात होते. समोरून वरात आली. दोन्ही कडेनं झुंबरासारखे दिवे डोक्यावर घेतलेली माणसं, मधे बँड, घोडा, नाचणारे. मला तर हवंच होतं, वही काढली. मांडणी काढायला लागले आणि लक्षात आलं की एका कडेला सगळ्या बायका आहेत. एकीच्या पाठीला मूल बांधलेलं. प्रत्येकीच्या दिव्यातून वायर निघून पुढच्या बाईच्या दिव्याला, अशी सगळी रांग शेवटी मागच्या हातगाडीवरच्या जनरेटरला जोडलेली. म्हणजे एक थांबली तर सगळी रांग ओढली जाते. पाणी प्यायला कुणी बाजूला होऊ शकत नाही. आणि दिवा डोक्यावर असल्यामुळं उजेड सगळा वरातीवर, तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर डोक्यावरच्या पाटाची सावली. मी चालत चालत एकीला विचारलं, किती लांब जायचंय? ती म्हणाली, "जितनी देर वो नाचेंगे." त्यांचं नाचणं संपेपर्यंत.

वही मिटली. पण मला खरी टोचणी लागली ती बसमधे बसल्यावर. आमच्या आदल्या वर्षीच्या मशाल मोर्चाचा फोटो आठवला. मधोमध आम्ही, पदवीवाल्या, माईक घेऊन. दोन्ही कडांना मशाली धरून कोण? घरकामगार बायका. दिवसभर चार घरची भांडी घासून आलेल्या. गरम तेलाचे थेंब हातावर पडतात म्हणून एकीनं रुमाल गुंडाळला होता, तोही फोटोत आहे. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. "त्यांना सवय असते", असं मात्र कुणीतरी म्हटलं होतं, कदाचित मीच. आता मोर्चात मशालीच्या पाळ्या असतात. दर चौकात हात बदलतो, अध्यक्षबाईंचाही. एकदा पाहुण्या म्हणून आलेल्या प्राध्यापक बाईंनी नकार दिला होता, सांध्याचं दुखणं होतं. असू दे. त्यांना घोषणा दिल्या.

चंदननगरची गंमत थोडक्यात सांगते. कोलकात्याजवळ हुगळीकाठचं हे गाव, जगद्धात्री पूजेच्या रोषणाईसाठी प्रसिद्ध. बांबूच्या चौकटीवर लहान लहान बल्बांची चित्रं, आणि ती हलतात! मासा पोहतो, चिमणी उडते. पूर्वी यामागं फक्त एक लाकडी रूळ असायचा, त्यावर धातूच्या पट्ट्या. मोटारीनं रूळ फिरला की पट्टी ज्या तारेला टेकेल तेवढे बल्ब पेटायचे. आता एलईडी आणि चिप आल्या. आमच्या किशोरी गटाच्या मुलींना मी रुळाचं चित्र दाखवलं, तर त्यांनी शिवणयंत्राच्या जुन्या मोटारीवर तसला रूळ बनवला आणि दोन अक्षरं पळवून दाखवली. 'नाही' एवढीच. ती पळणारी 'नाही' अजून कार्यालयात आहे.

आणि याच कोलकात्यात अंधाराची प्रकाशयोजना पाहिली. ऑगस्ट २०२४ मधे तिथल्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री बंगालभर बायका रस्त्यावर उतरल्या, रात्र आमची म्हणत. रात्र परत मिळवण्याचे मोर्चे युरोपात १९७७ साली निघाले होते. आधी पश्चिम जर्मनीत, मग नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या लीड्सला, जिथं बायकांचे खून पडत होते आणि बायकांनाच घरात बसायला सांगितलं जात होतं. कोलकात्यात ४ सप्टेंबरला हाक दिली गेली की रात्री ९ ते १० घरातले दिवे घालवा. मी त्या आठवड्यात कामासाठी तिथं होते. नऊ वाजले आणि समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकेक करून विझत गेल्या. रस्त्यावर माणसं मेणबत्त्या आणि मोबाइल घेऊन उभी. मी दहा वर्षं दिवे कसे लावायचे याच्या मागं होते, घालवायचे कसे हे कधी वहीत लिहिलं नव्हतं. एवढं मोठं शहर तासभर डोळे मिटून बसतं तेव्हा काय होतं, ते मला सांगता येत नाही. शेजारच्या गच्चीवर एक आजी खुर्ची टाकून एकट्याच बसल्या होत्या, एवढं आठवतं.

एक गोष्ट जरा जपून बोलते. कुठंही अत्याचार झाला की पहिली मागणी होते, रस्त्यावर दिवे लावा. ती आपण करायचीच. पण ती रुग्णालयात, कामाच्या जागी होती. आपल्याकडं येणाऱ्या बहुतेक बायका मार खातात त्या घरात, आणि तिथं ट्यूब लागलेली असते.

पैशांचं राहिलं. वीज दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं ते आम्ही भोगलंय. एका गावी सभा रंगात आली असताना जनरेटर बंद पडला. बंद पाडला म्हणा. चालवणारा बिचारा नजर चुकवत होता, त्याला कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं. राजस्थानात तिलोनियाला अक्षरओळख नसलेल्या आज्या सौर कंदील जोडताना पाहिल्या होत्या, तारांचे आणि सुट्या भागांचे रंग ओळखून. त्या सभेनंतर आम्हीही चार सौर कंदील, दोन बॅटऱ्या आणि आठ दिवे स्वतःचे घेतले. एका ट्रंकेत बसतात. ज्यांना हवेत त्यांनी सांगा, फक्त परत करताना वायरी गुंडाळून करा, मागच्या वेळी सगळा गुंता आला होता.

संध्याकाळच्या कार्यक्रमाचं सांगून थांबते. दिव्यांपाशी आज जी बसणार आहे, तिनं तिचं नाव सांगायला नको म्हटलंय. पडद्यामागं दिवा मी जिच्या मागं ठेवला होता, तीच. गेली तीन वर्षं आमचा डिमर तीच सांभाळते आणि माझ्यापेक्षा बरा सांभाळते. तिचा निरोप आहे: जेवून साडेसातला या, पुढच्या रांगा मोकळ्या ठेवू नका, आणि जिला दिसायचं नसेल तिनं खिडकीच्या बाजूला बसावं, तिकडचा दिवा ती लावणार नाहीये.